संगीत मासिक : वाचकवर्ग आणि आकर्षण (मराठवाडा)

गायन, वादन व नृत्य यांना वाहिलेले नियतकालिक. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ आणि हाथरसहून १९३५ मध्ये सुरू झालेले हिंदी ‘संगीत’ ही त्याची परिचित उदाहरणे.

मराठवाड्यात अशा मासिकाचा वाचक एकजिनसी नाही. एकीकडे प्रारंभिक ते विशारदच्या परीक्षा देणारे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक, दुसरीकडे भजनी मंडळांतील पेटीवाले, पखवाजी आणि कीर्तनकार. निव्वळ श्रोता हा तिसरा गट; तो मुलाखती आवडीने वाचतो, पण वर्गणी भरायला त्याला आठवण करावी लागते. पहिले दोन गट अंक वाचण्याबरोबर वापरतातही, म्हणून तेच टिकतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला, हा अभिमानाचा विषय अग्रलेखात शोभतो. वर्गणीदार मात्र स्वरलिपीच्या, म्हणजे चालीचे स्वर चिन्हांनी लिहून दाखवणाऱ्या, पानांमुळे वाढतात.

स्वरलिपी छापणे हे सर्वांत नाजूक काम. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली आणि तार सप्तकासाठी वर टिंब असते. फाँट बदलताना ही चिन्हे गळतात. रेघा गेल्या की कोमल स्वरांच्या भैरवीची बंदिश कागदावर सगळे स्वर शुद्ध असलेला बिलावल होऊन बसते, आणि नवशिक्या विद्यार्थी ती तशीच बसवतो. म्हणून शेवटचे प्रूफ डोळ्यांनी न तपासता पेटीवर वाजवून तपासावे. त्रितालाच्या १६ मात्रा लहान आकाराच्या पानावर एका ओळीत मावत नाहीत. ८-८ च्या दोन ओळी कराव्यात आणि प्रत्येक मात्रेचा रकाना वरखाली जुळवावा. रकाना सरकला की सम (तालाची पहिली मात्रा) चुकते. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेपासून उठत असेल, तर तिथे ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देता दाखवायच्या मात्रेची, खूण हवीच. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) डाव्या व अंतरा (दुसरा भाग) उजव्या पानावर समोरासमोर घ्यावा, कारण पेटीवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. अभंगाच्या चालीबरोबर पट्टीही, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरायचा तेही, छापावी (काळी एक, पांढरी चार इत्यादी). वारकरी भजनात आवाज चढे लागतात, बैठकीच्या गायकाची पट्टी तिथे चालत नाही. चालीच्या ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड दिल्यास लिपी न येणारेही अंक मागतात.

मुखपृष्ठावर एकच चेहरा किंवा वाद्य, ठळक नाव आणि तीन-चार ओळींत आतील मजकूर, इतके पुरते. ‘संगीताचा सागर’ छापाचे मथळे कुणाला खेचत नाहीत. ‘मध्यमा पूर्णसाठी पाच छोटे ख्याल’ हा मथळा खेचतो.

वेळापत्रक आकर्षणाइतकेच महत्त्वाचे. परीक्षेचे साहित्य किमान दोन महिने आधी हाती पडावे. आषाढीचे अभंग आषाढात छापून उपयोग नाही, तोवर दिंड्या वाटेला लागलेल्या असतात. चाल बसवायला अंक वैशाखात हवा. पैठणच्या नाथषष्ठीसाठी भारुडे माघात, आणि तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईच्या नवरात्रासाठी गोंधळ व आराधी गीते श्रावणात द्यावीत. कार्यक्रमांच्या बातम्या मासिकात शिळ्याच होतात. त्यांऐवजी कार्यक्रमात काय गायले गेले, राग कसा मांडला, साथ कशी झाली, याचे परीक्षण द्यावे. पं. नाथराव नेरळकर यांच्यासारख्या मराठवाड्यातील गायकांवरचा लेखही केवळ गौरवाचा न राहता गायकीची उकल करणारा असला, तर शिक्षक तो वर्गात वाचून दाखवतात.

वर्गणी पुस्तकांच्या दुकानांपेक्षा संगीत वर्ग आणि हरिनाम सप्ताहाच्या मंडपात अधिक जमते. भजनी मंडळाचा अंक व्यक्तीच्या नावे न पाठवता मंदिराच्या किंवा शाळेच्या पत्त्यावर पाठवावा. म्होरक्या गाव सोडून गेला तरी वर्गणी तुटत नाही. आजीव वर्गणी घेताना मात्र सावध राहावे. एकरकमी पैसे पहिल्या काही वर्षांत संपतात, कागद आणि टपालाचा खर्च दरवर्षी वाढत राहतो. तीन किंवा पाच वर्षांची मुदत मासिक आणि वर्गणीदार दोघांनाही परवडते.