खेळण्यातली जुनी गाडी दुरुस्तीला देताय? आधी गोंद बाजूला ठेवा

माळ्यावरची ट्रंक उघडली की एखादी मॅचबॉक्स, डिंकी नाहीतर लिओची हॉट व्हील्स हाती लागते. चाक निखळलेलं असतं, काच आत खुळखुळत असते. अशी गाडी आमच्याकडे जरूर आणा, त्यासाठीच आम्ही बसलो आहोत. पण बहुतेक गाड्या आमच्यापर्यंत येण्याआधी घरच्या घरी एक उपाय झालेला असतो: झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब. मूळ दुरुस्तीपेक्षा तो गोंद काढण्यातच आमचा जास्त वेळ जातो, आणि त्याचे पैसे तुम्हाला पडतात.

हा गोंद सुकताना त्याची वाफ होते आणि जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट थर धरते. बंद गाडीत वाफेला बाहेर पडायला जागाच नसते, त्यामुळे चिकटवली पुढची काच असली तरी मागचीही आंधळी होते. एक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, लावलात तर पातळ गोंद फटीतून आत झिरपतो, चाक जागेवर बसतं पण फिरत नाही. ‘अ‍ॅसिटोनने निघेल ना?’ असं बरेच जण विचारतात. निघतो, पण त्याबरोबर रंगही निघतो आणि काचेचं प्लास्टिकही विरघळू लागतं. म्हणून आम्ही गाडी पूर्ण सुटी करतो आणि भिंगाखाली तो थोडाथोडा खरवडून काढतो.

काचेबद्दल आम्ही एवढा आग्रह धरतो त्याला कारण आहे. 1956 साली कॉर्गी टॉइज बाजारात आल्या, त्यांची जाहिरातच ‘खिडक्या असलेल्या गाड्या’ अशी होती. तोवर डिंकीच्या गाड्यांना खिडकीच्या जागी नुसती भोकं असायची. त्या काळच्या कॉर्गीची मूळ काच स्वच्छ असेल, तर रंगाचे टवके उडालेले असले तरी संग्राहक ती गाडी आवडीने घेतात. काच पांढरी पडली की तेच गिऱ्हाईक हात आखडता घेतं.

तेव्हा सुटलेला भाग कितीही बारीक असो, कागदात गुंडाळून गाडीबरोबर द्या. अगदीच राहवत नसेल तर लाकडाचा पांढरा गोंद टाचणीच्या टोकाने लावा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि ओल्या कापसाने सुटतो. काचा बसवायला आम्हीही तोच वापरतो.

गाडी उघडायची म्हणजे खालची रिव्हेट सोडवावी लागते. आम्ही तिचं फक्त डोकं ड्रिलने उतरवतो, ती ज्या खांबाच्या टोकाला असते त्याला आटे पाडतो आणि गाडी परत जोडताना 2 मिलिमीटरचा स्क्रू बसवतो. ‘मूळ रिव्हेट गेली’ अशी नाराजी कधीकधी ऐकू येते. पण पुढच्या वेळी गाडी काहीही न मोडता उघडते, आणि स्क्रू टाकल्याचं आम्ही पावतीवर लिहून देतो. विकताना समोरच्यापासून काही लपवावं लागत नाही.

रंगाचंही तसंच. ‘नव्यासारखी चकाचक करा’ म्हणालात तर करून देऊ, पण आधी एकदा विचारू. कारखान्यातला मूळ रंग, खरचटलेला का असेना, एकदा काढला की परत येत नाही. विशेषतः कोलकात्याच्या निकी टॉइजने डिंकीचे साचे वापरून काढलेल्या गाड्या. आपल्याकडे त्या अजून घराघरांत पडून आहेत, त्यांना घाईने स्प्रे मारू नका. रंग काढायला कॉस्टिक सोडा तर मुळीच वापरू नका. ह्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि सोडा जस्तालाच खातो.

एक काम मात्र आम्ही घेत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही डिंकींच्या धातूत शिशाची भेसळ राहिली होती. अशी गाडी आतून फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटी तिचा भुगा होतो. त्यावर इलाज नाही. ती कोरड्या जागी ठेवा आणि कमीत कमी हाताळा.

टायर चिरले असतील तर नवे जोड आमच्याकडे मिळतात, आणि ते आम्ही नवे म्हणूनच विकतो. जुने टायरही परत देतो, ते टाकू नका. गाडीचा मूळ डबा असेल तर तोही आणा, फाटला असला तरी. डब्यासह गाडीची किंमत वेगळीच होते आणि डब्याचे कोपरे आम्ही सांधून देतो.

पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही. गाडी तुमच्यासमोर बघून अंदाज सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच ड्रिल लावतो. गोंद लागलेला असेल तर तो कुठला आणि कुठे लावला ते आधी सांगा, म्हणजे अंदाज चुकणार नाही. कुरिअरने पाठवणार असाल तर चाकांवर दाब येणार नाही अशा बेताने मऊ कागद भरा, आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आत टाका.