पन्नास किलोंचं पोतं किती जड असतं?

भुसार बाजारातल्या एका गाळ्यासमोर गाडी नुकतीच खाली झाली होती. टोळीतले थोरले हमाल चहाला टेकले होते. विशीतला एक पोरगा मात्र गोदामाच्या कोपऱ्यात, अर्धवट वाळू भरलेला कट्टा छातीशी कवटाळून सावकाश बैठका मारत होता. मुकादमाने तंबाखू मळता मळता विचारलं, "दिवसभर उचलून हौस फिटली नाही का रे?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. जो माणूस रोज टनावारी माल पाठीवरून नेतो, त्याला वर आणखी व्यायाम कशाला?

हिशेबच करू. दहा टनांची गाडी म्हणजे ५० किलोंची २०० पोती. चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या पाठीवर ५०, म्हणजे अडीच टन. दिवसात अशा दोन गाड्या लागल्या तर पाच टन. हे वर्षानुवर्षं करणाऱ्याची ताकद वाढतच जायला हवी. पण तसं घडत नाही, कारण शरीर मोठं काटकसरी आहे. नवा पोरगा पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने तयार होतो. तेव्हा स्नायू फारसे फुगलेले नसतात, मेंदू आणि मज्जातंतू ते स्नायू नीट वापरायला शिकलेले असतात. मग हळूहळू स्नायूही भरतात. आणि पोतं पेलण्यापुरती ताकद आली की वाढ थांबते. पोतं ५० किलोंचंच राहतं, मग शरीराने ५० च्या पलीकडची सोय कशासाठी करावी?

खरी मेख इथेच आहे. समजा एखाद्याला एकदाच, पूर्ण नेट लावून, जमिनीवरून ७५ किलो उचलता येतात. त्याच्यासाठी प्रत्येक पोतं म्हणजे त्याच्या कमाल ताकदीचे दोन तृतीयांश. शंभराव्या खेपेला पाय लटपटणारच. त्याच पोराने वर्षभर मेहनत करून ती कमाल १२५ वर नेली, तर तेच पोतं ४० टक्क्यांवर येतं. काट्यावर वजन तसूभरही बदललेलं नाही, तरी त्याच्या पुरतं ते हलकं झालं. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान, उशिरा थकणारे, आणि ओझं वाढेल तसे मोठे, लवकर दमणारे. कमाल जितकी उंच, तितकी त्या मोठ्यांना दिवसभर कमी वेळा हाक मारावी लागते.

आता कमरेकडे येऊ. तिथे वजनापेक्षा अंतर जास्त छळतं. पोतं जमिनीवरून उचलताना त्याचा मध्य मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. टेकूवरच्या फळीचं एक टोक लांब आणि दुसरं आखूड असलं की होतं तसंच: ५० ला ४० ने गुणा, ५ ने भागा. स्नायूंची ओढ येते सुमारे ४०० किलोभार, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या चकतीवर. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने चकतीवरच्या दाबाची सावध मर्यादा ३४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलोभार धरली आहे. पोतं पोटाला चिकटवून हे अंतर २५ सेंटिमीटरवर आणलं की ओढ २५० वर उतरते. वजन तेच, दीडशेचा फरक फक्त धरण्यात.

म्हणून हमाल पोतं हातात न नेता पाठीवर किंवा माथ्यावर घेतो. थोडं पुढे झुकलं की ओझं जवळजवळ पावलांच्या रेषेत येतं, लांब टोकच उरत नाही. ही हुशारी पुस्तकातून आलेली नाही. उसण भरते ती चालताना कमी, खालचं पोतं ओढून उचलताना किंवा थप्पीच्या वरच्या थरावर टाकताना अंग पिळलं की जास्त.

बाजाराची आणखी एक गंमत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस एक-दोन सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत वाकलं तर या फुगलेल्या चकतीवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांना सकाळी वाकणं टाळायला सांगितलं, तर दुखणं कमी झालं, असं १९९८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आणि आपला बाजार सुरू होतो पहाटे. अंथरुणातून उठून थेट थप्पीला भिडणाऱ्याने निदान अर्धा तास चालावं-फिरावं, हलका माल आधी घ्यावा.

कामात नसलेलं व्यायामात हवं, एवढं सूत्र धरलं की पोराच्या बैठकांचा अर्थ लागतो. हमालीत पोतं उचललं जातं, पण सावकाश खाली ठेवलं जात नाही. थप्पीवर टाकून दिलं जातं. वजन तोलत खाली आणताना स्नायू ताणला जात जात जोर लावतो, आणि ताकद वाढवायला तो भाग फार उपयोगी. म्हणून तीन मोजत खाली, मग वर. कमरेतून नव्हे, खुब्यातून वाकायचं. जिमवाले ज्याला डेडलिफ्ट म्हणतात ते हेच. आडव्या दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणं, कारण कामात असं वरून ओढणं जवळपास नाहीच. आणि रोज ज्या खांद्यावर ओझं येतं, त्याच्या उलट्या हातात बादली धरून चालणं. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, एका खेपेला सहा-आठ वेळा. अजून दोन सहज निघाली असती असं वाटतं तिथेच थांबायचं. तालमीतल्या पाचशे बैठकांचा मला आदर आहे, पण त्यांनी दम वाढतो. कमाल ताकद वाढवायला वजन वाढवावं लागतं, संख्या नव्हे.

घाई मात्र नको. स्नायू काही आठवड्यांत पुढे जातात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांना महिने लागतात, कारण तिथे रक्तपुरवठा कमी. जोशात आलेल्या पोरांचे खांदे आणि हाताची कोपरं धरतात ती या फरकामुळे. गाड्यांची रांग लागलेल्या दिवशी व्यायाम बंद. दोनपैकी एक व्यायाम शक्यतो साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, काम उरकल्यावर.

थकलेल्या शरीराला विश्रांती मिळते तेव्हाच ते बांधलं जातं, आणि नेमका हाच धागा कष्टाच्या कामात तुटतो. २०१८ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात कामावर भरपूर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीच्या कामवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. फावल्या वेळच्या व्यायामाचा परिणाम मात्र उलटा, आयुष्य वाढवणारा. गरिबी, तंबाखू, औषधोपचाराची वानवा यांचा यात किती वाटा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तरी एक कारण पटण्यासारखं आहे: व्यायामात रक्तदाब थोडा वेळ चढून उतरतो, कामात तो आठ-दहा तास चढलेला राहतो.

जेवणाचं थोडक्यात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोंच्या पोराला ९६ ग्रॅम. अंड्यात ६, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५. भाकरी-ठेच्यावर हा आकडा गाठत नाही. डाळ, उसळ, दूध लागतंच. पावडरचे डबे लागत नाहीत.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मुकादम म्हणाला, "म्हणजे पोरगं तयार झालं की साठ किलो भरले तरी चालतील?" तो चेष्टेत म्हणाला, पण असा विचार करणारे कमी नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची कमाल सुचवली होती. आपल्याकडे १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, तरी ५० च्या वर भरलेल्या कांदा-बटाट्याच्या गोण्यांवरून माथाडींना काम बंद ठेवावं लागलेलं आहे. नायॉशच्या सूत्रात तर सगळं अनुकूल असताना दोन्ही हातांनी उचलायचं वजन २३ किलोंपासून सुरू होतं आणि तिथून खालीच जातं. ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी २५ किलोंची मिळते. आपली अजून पन्नासची आहे.