फोडणीचा धूर आणि स्वयंपाकघरातील चिमणी

तापलेल्या तेलात मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते आणि पाठोपाठ टाकलेल्या सुक्या मिरच्या जराशा जास्त करपतात. ओट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा ठसका लागतोच, पण काही क्षणांतच बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबाही खोकू लागतात. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य शरीरातील ज्या ग्राहींना, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांना, चेतवते, तेच ग्राही आपल्याला दाहक उष्णतेची जाणीव करून देत असतात. कॅप्सेसिनच्याच साहाय्याने या ग्राहीचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीचा ठसका जाणवतो म्हणून आपण खिडकी उघडतो. मात्र त्याच हवेतून त्याच वेगाने घरभर पसरणाऱ्या इतर अनेक गोष्टी अशी कोणतीही वर्दी देत नाहीत.

त्यांतील सर्वांत मोठा वाटा तेलाचा असतो. कढईतून उडणारे तेलाचे थेंब निरनिराळ्या आकारांचे असतात. मोठे थेंब ओट्यावर आणि फरशीवर पडतात, मध्यम थेंब कपाटांच्या दारांवर मेणचट थर होऊन बसतात आणि सर्वांत बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. तेल धुरावू लागले की त्यातील ग्लिसरॉलचे विघटन होऊन ॲक्रोलीन तयार होते. करपलेल्या तेलाने डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, फुप्फुसांत खोलवर जातात. अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, तर बाहेरच्या हवेसाठीचे भारतीय मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. बंद स्वयंपाकघरात तळण चालू असताना हा आकडा काही शेकड्यांत जाणे मुळीच असाधारण नाही.

गॅसच्या ज्योतीचा भाग वेगळा. लाकूडफाट्याच्या चुलीपेक्षा एलपीजी कितीतरी स्वच्छ जळतो आणि चुलीच्या धुरातून सुटका झालेल्या असंख्य बायकांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. तरीही ज्योत कितीही निळी आणि नितळ असली, तरी तिच्या प्रखर उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना त्रासदायक असतो, विशेषतः दमा असलेल्या मुलांना. शिवाय एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलो पाणी तयार होते. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत वीस लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने मिसळलेले असते आणि भाजी-आमटीची वाफ याखेरीज. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतींना बुरशी लवकर का धरते, याचे एक उत्तर येथे आहे.

हे सारे बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न जुना आहे. कौलारू घरांत चुलीच्या वर छपरात धुराडे ठेवलेले असे. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते, वर जाते आणि जाताना धूर सोबत नेते, या एकाच तत्त्वावर ते चाले. वारा उलटा फिरला की धूर खाली येई, घरातील वासे काजळीने काळे होत आणि स्वयंपाक करणारीचे डोळे लाल होत. पण तत्त्व बरोबर होते आणि आजच्या विजेवर चालणाऱ्या चिमणीचे कामही त्याच वर जाणाऱ्या हवेवर अवलंबून आहे. चिमणी घेताना नेमके हेच आपण विसरतो. चिमणी शेगडीवरून धूर ओढून घेते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धूर आपल्या उष्णतेने स्वतःच वर येतो आणि चिमणी त्याला वाटेत गाठते.

फुंकणी आठवून पाहिली तर हा फरक चटकन कळतो. हातभर दूर असलेला निखारा फुंकणीने फुलवता येतो, पण त्याच फुंकणीतून श्वास आत ओढला तर निखाऱ्यावरची राखसुद्धा हलत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोताने जाते आणि तिचा वेग दहाव्या हिश्शावर येईपर्यंत ती नळीच्या व्यासाच्या सुमारे तीस पट अंतर कापते. ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते, त्यामुळे नळीच्या तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावरच तिचा वेग दहाव्या हिश्शाहून कमी झालेला असतो. ताशी ६०० घनमीटर हवा प्रत्यक्षात खेचणाऱ्या एखाद्या चिमणीचा हिशेब मांडला, तर तिच्या तोंडापासून ७० सेंटिमीटर खाली, म्हणजे शेगडीच्या पातळीवर, या ओढीमुळे हवेला येणारा वेग सेकंदाला जेमतेम तीन-चार सेंटिमीटर भरतो. कढईवरचा गरम झोत त्याच्या कितीतरी पट वेगाने आपणहून वर येत असतो, आणि छताच्या पंख्याचा वारा त्या झोताला सहज आडवा लोटतो. म्हणूनच चिमणी चालू असताना स्वयंपाकघरातील पंखा बंद ठेवावा, हा सल्ला मला महागड्या यंत्रापेक्षाही अधिक उपयोगाचा वाटतो.

वर येणारा झोत आजूबाजूची हवा सामावून घेत रुंद होत जातो, त्यामुळे चिमणीचे छत्र शेगडीपेक्षा अरुंद असून चालत नाही. दोन-तीन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटर आणि चार-पाच बर्नरच्या शेगडीला ९० सेंटिमीटर रुंदीचे छत्र लावतात ते याच कारणाने. उंचीचे गणित थोडे नाजूक आहे. छत्र खूप वर असेल तर झोत पसरून निसटतो, आणि खूप खाली असेल तर भडकलेली ज्योत तेलकट फिल्टरपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर हे अंतर या दोहोंमधली तडजोड आहे. भिंतीलगतच्या, म्हणजे मागच्या बर्नरवरचा धूर चिमणी अधिक चांगला पकडते, कारण त्याला मागून भिंतीचा आधार मिळतो आणि वर छत्र पूर्ण मिळते. पुढच्या बर्नरवरचा धूर मात्र छत्राच्या कडेबाहेरून माणसाच्या तोंडाकडे वळतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने वेगवेगळ्या चिमण्यांची कार्यक्षमता मोजली, तेव्हा काहींनी ज्वलनातून निघालेल्या वायूंपैकी ९८ टक्क्यांपर्यंत भाग पकडला, तर काहींना १५ टक्केही पकडता आला नाही. आपल्याकडे अजूनही पुढच्या बर्नरवर तळण आणि मागच्यावर दूध, अशी वाटणी असते. ती उलटी करायला एक पैसाही लागत नाही.

छत्राखाली शिरलेली हवा प्रथम फिल्टरला भेटते. स्टीलचा बॅफल फिल्टर काढून हातात धरला, तर एकमेकींत अडकवल्यासारख्या उलटसुलट पन्हळी दिसतात. हवेला त्यांतून जाताना दोनदा झपकन वळावे लागते. हवा वळते, पण तेलाचे जड थेंब वळणावर सरळ पुढे जाऊन पत्र्यावर आदळतात आणि ओघळून खालच्या पन्हळीत जमतात. बॅफल चाळणीसारखा नसतो, त्यामुळे तो सहज तुंबत नाही आणि आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला तो सोयीचा ठरतो. बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा फिल्टर तेल अधिक धरतो, पण काही आठवड्यांत तुंबतो, आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकला तर काळवंडतो. फिल्टर नसलेल्या चिमण्यांत वेगाने फिरणारा ब्लोअरच, म्हणजे हवा खेचणारा आतला पंखाच, तेलाला बाहेरच्या कडेकडे भिरकावतो, आणि स्वयंस्वच्छ होणाऱ्या चिमण्यांत तापक तारेने ते तेल पातळ करून तेलाच्या वाटीत उतरवतात. ती वाटी मात्र माणसानेच रिकामी करायची असते. कोणताही फिल्टर लावला तरी अतिसूक्ष्म कण आणि वायू त्यातून पार होतात. त्यांच्यासाठी बाहेर जाणारी नळी हाच मार्ग उरतो. म्हणूनच नळीविना चालणाऱ्या, कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणाऱ्या चिमण्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. कोळसा वास बऱ्यापैकी शोषतो, पण वाफ, उष्णता आणि ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे राहतो, आणि काही महिन्यांनी कोळसा बदलला नाही तर वासही राहतो.

खोक्यावर ठळकपणे छापलेला ताशी १,२०० घनमीटर, १,४०० घनमीटर असा आकडा ब्लोअरचा असतो, आणि बहुधा तो वाटेत कोणताच अडथळा नसतानाचा असतो. आठ बाय दहा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा मावते. तासाला दहा-पंधरा वेळा ही हवा बदलायची म्हटले, तरी साडेतीनशे घनमीटर पुरतात. गरजेपेक्षा आकडा मोठा असणे वाईट नाही, पण तो नळीच्या दुसऱ्या टोकातून प्रत्यक्ष बाहेर पडतो का, हा खरा प्रश्न आहे. भिंतीतला साधा एक्झॉस्ट फॅन याबाबतीत प्रामाणिक असतो. त्याची पाती थेट बाहेरच्या हवेत उघडतात, त्यामुळे तो कमी विजेत भरपूर हवा ढकलतो, पण पुढे नळी जोडली की त्याचा जोर संपतो. चिमणीतला पिंजऱ्यासारखा ब्लोअर दाब निर्माण करू शकतो, म्हणून नळी त्यालाच जोडतात.

आणि या नळीतच बहुतेक घरांतील चिमण्या हरतात. आमच्या घरची चिमणी दोन वर्षे नुसती घरघर करत होती. शेवटी फळीवरच्या कपाटाची मागची पाटी उघडली, तेव्हा सहा इंच व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची लवचीक नळी बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी दुमडून कोपऱ्यात कोंबलेली दिसली. तिने तीन वळणे घेतली होती आणि भिंतीतल्या जुन्या चार इंची भोकात ती चिमटून बसवली होती. बसवणाऱ्याने वेळ वाचवला होता. ताशी ६०० घनमीटर हवा सहा इंची नळीतून सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जाते, पण चार इंची नळीतून तिला एकवीस मीटर वेग लागतो, आणि तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून नेताना होणारे घर्षण साडेसात पट होते. इतका दाब घरगुती ब्लोअरला जमत नाही, म्हणून हवाच कमी होते आणि आवाज वाढतो. प्रत्येक काटकोनी वळण कित्येक फूट सरळ नळीइतका विरोध करते. न ताणलेल्या लवचीक नळीच्या चुण्या त्यात भर घालतात आणि त्यांत साचणारे तेल आग लागल्यास इंधन ठरते. आम्ही भिंतीतले भोक सहा इंची करून घेतले, चार फूट गुळगुळीत कडक नळी आणि एकच मोठ्या त्रिज्येचे वळण बसवले. चिमणी तीच राहिली. पेटवलेली उदबत्ती पुढच्या बर्नरजवळ धरल्यावर पूर्वी जो धूर चेहऱ्याकडे रेंगाळायचा, तो आता छत्राच्या कडेखाली वाकून आत जाताना स्पष्ट दिसतो.

नळीच्या बाहेरच्या टोकाला हवेच्या जोराने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप असावी, नाहीतर शेजाऱ्यांच्या बोंबलाचा वास आणि कबुतरे दोन्ही आत येतात. इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये तोंड सोडले असेल तर ही झडप अत्यावश्यक आहे. तरीही मोकळ्या भिंतीतून थेट बाहेर गेलेली नळी केव्हाही चांगली.

जितकी हवा बाहेर गेली तितकी कोठून तरी आत यायला हवी, हे सर्वांत सहज विसरले जाते. दारे-खिडक्या घट्ट मिटून चिमणी चालवली, तर घरातील दाब थोडा घटतो, बाहेर जाणारी हवा आटते आणि मोरीच्या जाळीतून वास वर येऊ लागतो. ज्या घरात गॅस गीझर चालतो, तेथे याचे गांभीर्य फार वाढते. गीझरचा धूर आपल्या हलकेपणावर बाहेर जात असतो आणि चिमणीची ओढ त्याला उलटा घरात आणू शकते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. गीझर आणि चिमणी एकाच वेळी, बंद घरात, कधीही चालवू नयेत. हवा आत येण्यासाठी शेगडीच्या शेजारची खिडकी न उघडता समोरची किंवा पलीकडच्या खोलीतली खिडकी चार बोटे उघडावी, म्हणजे वाऱ्याचा झोत ज्योतीवर न येता हवा शांतपणे ओट्याकडे सरकते.

बटण दाबण्याची वेळही हवेच्या याच प्रवाहावरून ठरते. धूर दिसल्यावर चिमणी लावली, तर तोवर घरात पसरलेला धूर तिच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. म्हणून बर्नर पेटवण्याच्या मिनिटभर आधी ती मध्यम वेगावर सुरू करावी, फोडणीच्या किंवा तळणीच्या वेळी वेग वाढवावा, आणि शेवटची पोळी उतरल्यावरही दहा-पंधरा मिनिटे मंद वेगावर चालू द्यावी, कारण गॅस बंद झाला तरी तापलेला तवा आणि कढईतले तेल बराच वेळ धूर सोडत राहतात.