भोपळ्याच्या वेलाला बांधणी नको

आमच्या सोलापूरकडं ‘माती लावली का?’ असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात आधी ऊस येतो. चार-साडेचार महिन्यांचा ऊस झाला की मोठी बांधणी, वरंबे फोडायचे, माती बुडाला चढवायची. हाताला ही सवय इतकी लागलेली असते की परसातल्या भोपळ्याबद्दल कुणी ‘वेल मातीत पुर, जोर धरतो’ म्हटलं तरी कुदळ आपोआप बुंध्याकडं वळते. माझीही वळली होती.

मोहोळजवळच्या मामांच्या वस्तीवर दोन वर्षांपूर्वी लाल भोपळ्याचे तीन वेल होते. एकाच्या बुंध्याभोवती मी वीतभर खणलं, माती ओढली आणि छान टेकाड केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पानं मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबायला लागली. मामा म्हणाले, “अगं, भर उन्हात भोपळा मान टाकतोच. दिवस कलल्यावर बघ.” त्यांचं खरं होतं. मातीत ओल असली तरी दुपारी रुंद पानांतून पाणी इतकं उडतं की मुळं पुरी पडत नाहीत, आणि ऊन उतरलं की पानं उठतात. या वेलाची पानं संध्याकाळीही उठली नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. माती बाजूला सारली तर कुदळीनं तुटलेल्या मुळांची टोकं दिसली. सप्टेंबरच्या पावसात उरलासुरला बुंधाही मऊ पडून कुजला.

उसाला जे मानवतं ते भोपळ्याला का मानवत नाही? उसाच्या बुडाशी पेरं जवळजवळ असतात आणि प्रत्येक पेराच्या कड्यावर मुळांचे ठिपके आधीच तयार असतात. माती चढली की त्यांतून मुळ्या फुटतात, ऊस लोळत नाही, उशिरा येणारे निकामी फुटवेही दबतात. भोपळ्याचं बूड तसं नाही. बियाण्यातून आलेलं एक सोटमूळ खाली जातं आणि बाकीची मुळं जमिनीच्या वरच्या फूटभर थरात चहूबाजूंनी पसरतात. वेल जितका लांब पळतो, जवळपास तितकीच मुळंही आतून पळतात. म्हणजे बुंध्याजवळची माती ‘ओढायची’ म्हटलं की ओढली जाते ती मुळांसकट. वर आपली काळी माती. एकदा भिजली की पाणी धरून बसते, आणि त्या ओल्या टेकाडात गळ्यापर्यंत गाडलेला बुंधा कुजायला फार दिवस लागत नाहीत. बुंधा उघडा, कोरडा आणि वाऱ्यावर राहिलेला बरा. आळंही त्याला चिकटून नको, हातभर लांबून.

वेल पुरणं हे काम वेगळ्याच जागी होतं. बुंध्यापासून दोन-तीन फूट पुढं जाऊन, पळत्या वेलाचं एखादं पेर, म्हणजे पान फुटतं तो सांधा, अलगद उचलून खालून बघा. वरच्या अंगाला पानाचा देठ, कुरळा ताणा, कळी असते, आणि खालच्या अंगाला, माती ओली असेल तर, पांढरे फोडासारखे बारीक उंचवटे दिसतात. तोच जारवा, म्हणजे बारीक तंतूमुळांचा झुबका, अजून न फुटलेला. त्या पेराला ओली माती मिळाली की साधारण आठ-पंधरा दिवसांत तिथं मुळं धरतात आणि वेलाला वाटेतच खाणंपिणं मिळायला लागतं. इथं जुनी मुळं तोडायची काही गरजच नाही, कारण माती त्या जागची घ्यायचीच नसते. घमेल्यातून दुसरीकडची भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत आणायचं आणि पेरावर दोन-तीन बोटं थर द्यायचा. फार तर हाताच्या बोटांनी उथळ ओरखडा काढा. खुरपं नको, कुदळ तर नकोच.

वेळ दुपार कललेली धरा. सकाळी वेल पाण्यानं ताठ असतो, जरा वाकवला की कट्‌दिशी चिरतो. दोन पेरांमधला भाग आतून पोकळच असतो. पेर जागेवर राहावं म्हणून तुरीच्या काटकीचा आकडा टोचला तरी पुरतो. पानाचा देठ, फूल आणि शेंड्याकडची दोन-तीन पेरं उघडी राहू द्या. देठही पोकळ नळी आहे, तो मातीत गेला की सडतो. वर उसाचं पाचट पसरलं की निम्मं काम झालं, कारण काळी माती सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगा नव्या मुळांना कात्रीसारख्या तोडतात. वाफसा टिकला पाहिजे, चिखल नको.

डाळिंबवाल्यांचा आणखी एक गोंधळ असतो. ते याला दाब कलम समजतात आणि पेराखालची साल खरवडून घेतात. दाब कलमात नवं झाड वेगळं करायचं असतं, म्हणून साल काढतात आणि मुळं धरली की फांदी तोडतात. इथं वेल एकच राहणार आहे. खरवडू नका, तोडूही नका.

फळाच्या अगदी शेजारची पेरं मात्र पुरू नयेत. भोपळा फुगतो तसा वेलाला वर उचलतो. पेर मातीत घट्ट धरलेलं असेल तर मुळं तरी उपटतात, नाहीतर देठाशी ताण येतो. राक्षसी भोपळे पिकवणारे परदेशी हौशी लोक जवळजवळ सगळा वेल पुरतात, पण फळाजवळचा भाग मोकळा ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत २०२३ साली १,२४७ किलोचा भोपळा आला होता. ती जात वेगळी, खतपाणी वेगळं. आपल्याकडं पेरं पुरून भोपळा टनाचा होणार नाही. हलक्या जमिनीत, पाण्याची ओढ असताना वेल तग धरतो, हा खरा फायदा. ठिबक आणि भरपूर शेणखत असेल तर फरक फारसा जाणवतही नाही.

आणि तांबडे भुंगेरे पानांची चाळण करत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळं आणि मातीला टेकलेला वेलच खातात, तेव्हा पुरलेलं पेर म्हणजे त्यांना वाढलेलं ताट.

मामींचा तिसरा वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढला होता. त्याच्या एकाही पेराला माती मिळाली नाही, तरी चार भोपळे लागले. उतरवताना मामांनी शिडी धरली आणि मी खालून पोतं.