ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट

मुक्काम, तिन्ही वेळचे जेवण, मधले खाणे, पेये, मुलांची करमणूक आणि समुद्रावरचे साधे खेळ या सगळ्यांचे पैसे आरक्षणाच्या वेळीच एकरकमी घेणारे, बहुधा समुद्रकिनारी असलेले निवासस्थान. मेक्सिकोचा कॅरिबियन किनारा, डोमिनिकन प्रजासत्ताक, जमैका आणि मालदीव या उष्ण कटिबंधातील प्रदेशांत ही पद्धत घट्ट रुजली आहे. ‘सर्वसमावेशक’ हा प्रतिशब्द छापील मजकुरात दिसतो. बोलण्यात मात्र ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’च चालते.

भारतीय पर्यटन व्यवसायात खोलीच्या दराला ‘ईपी’, ‘सीपी’, ‘एमएपी’, ‘एपी’ अशी अक्षरे जोडलेली असतात. नुसती खोली, खोली आणि नाश्ता, त्यावर एक जेवण आणि शेवटी दोन्ही जेवणे, असा त्यांचा चढता क्रम. माथेरानला जेवणासह खोली घेऊन संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात हाऊजी खेळलेल्या कुटुंबाला ही कल्पना परकी वाटणार नाही. ऑल-इन्क्लुझिव्ह ही एपीच्या पुढची पायरी. तिच्यात पाण्याच्या बाटलीपासून मद्यापर्यंत पेये धरलेली असतात आणि दिवसभर कुठे ना कुठे खायला मिळत राहते.

एकरकमी सुट्टीचे पहिले मोठे उदाहरण उष्ण कटिबंधातले नाही. बिली बटलिन यांनी १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्केगनेस येथे सुट्टीतळ उघडला. तेथे कामगार कुटुंबांना राहणे, तीन वेळचे जेवण आणि करमणूक एकाच दरात मिळे. युरोपच्या दक्षिण किनाऱ्यावर हाच विचार वेगळ्या रूपात आला तो १९५० मध्ये. बेल्जियमचे वॉटरपोलो खेळाडू जेरार्ड ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबूंची वसाहत उभारली. सैन्याकडून उरलेले ते तंबू ट्रिगानो कुटुंबाच्या व्यवसायातून आले होते. या कुटुंबातील जिल्बेर ट्रिगानो यांनी पुढे हा ‘क्लब मेडिटेरानी’, म्हणजे आजचा क्लब मेड, जगभर नेला. पाहुण्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी एकाच टेबलावर जेवावे, असा तेथे दंडक होता. पैशाच्या जागी गळ्यातल्या माळेचे मणी चालत. पेय घेतले की एक-दोन मणी काढून द्यायचे. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो ही साधी अडचण त्या माळेने सोडवली. आज बहुतेक रिसॉर्टांत मनगटावर बांधला जाणारा रंगीत पट्टा तेच काम करतो. मुलांसाठी स्वतंत्र ‘मिनी क्लब’ची प्रथाही क्लब मेडनेच १९६७ मध्ये सुरू केली. कुटुंबांच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची भर होती.

कॅरिबियनमध्ये या पद्धतीला आजचे रूप जमैकाने दिले. जॉन इसा यांचे निग्रिल बीच व्हिलेज १९७६ मध्ये सुरू झाले, आणि गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट या वातानुकूलन यंत्रांच्या व्यापाऱ्याने १९८१ मध्ये माँटेगो बे येथे सँडल्स उघडले. सत्तरच्या दशकातील राजकीय हिंसाचाराच्या बातम्यांनी परदेशी पाहुणे धास्तावले होते. कुंपणाच्या आत सगळे मिळेल, बाहेर पडावेच लागणार नाही, हे आश्वासन त्या काळात विकले गेले आणि पुढे भीती ओसरली तरी कुंपण राहिले. सँडल्स जोडप्यांसाठीच होते; मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी त्याच समूहाने नव्वदच्या दशकात ‘बीचेस’ ही वेगळी शाखा काढली.

पुंता कानाची गोष्ट थोडी निराळी. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाची ही जमीन १९६९ मध्ये न्यू यॉर्कचे वकील थिओडोर कील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली तेव्हा तेथे जंगल आणि कोळ्यांची तुरळक वस्ती होती. तरुण डोमिनिकन भागीदार फ्रँक रैनिएरी यांनी ‘काना’ नावाच्या तेथील ताडवर्गीय झाडावरून जागेला नाव दिले. चांगला रस्ता नव्हता, म्हणून पुढे या मंडळींनी स्वतःचा विमानतळच बांधला. त्याच्या इमारतीवर कानाच्या झावळ्यांचे छप्पर आहे. कोकणातल्या माणसाला ते पाहून मांडवाची आठवण यावी, इतके ते ओळखीचे दिसते. १९८५ मध्ये बार्सेलो या स्पॅनिश कंपनीने शेजारच्या बावारो किनाऱ्यावर हॉटेल उघडले आणि मागोमाग इतर आले. बार्सेलो, मेलिया, रिऊ आणि इबेरोस्टार या कॅरिबियन व्यापणाऱ्या चारही कंपन्यांची मुख्यालये मायोर्का बेटावर आहेत. ज्या बेटावर तंबू लागले, तेथूनच पुढे भांडवलही निघाले.

मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये सुरू झाले. सुमारे १,२०० लहान बेटांच्या या देशात ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत पडली. अशा बेटावर दुसरे उपाहारगृहच नसते, त्यामुळे जेवण आधीच दरात धरण्यावाचून कुटुंबापुढे फारसा पर्याय उरत नाही. कोरोनाकाळानंतर मुंबईहून तीन तासांच्या आत पोचता येणारी ही बेटे मराठी कुटुंबांच्या फार जवळ आली. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे मात्र नाताळच्या किंवा मार्चमधील शाळेच्या सुट्टीत मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कानकुन आणि पुंता कानाला जातात.

ही पद्धत परवडते कशी, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याच्या मनात येतो. उत्तर सरासरीत आहे. किती माणसे किती दिवस राहणार हे आधी ठाऊक असल्याने धान्य, मांस, फळे घाऊक घेता येतात आणि स्वयंपाकघर रोज साधारण सारखेच चालते. पहिल्या दिवशी ताटे ओसंडतात. तिसऱ्या दिवसापासून माणसे नेहमीइतकेच जेवतात. जास्त खाणाऱ्याचा खर्च कमी खाणारा उचलतो. शिवाय ‘सगळे’ म्हणजे अगदी सगळे नसते. कयाक आणि पॅडलबोर्ड दरात असतात. जेटस्की, पॅरासेलिंग, स्पा, बाहेरच्या सहली आणि उंची मद्ये बहुधा नसतात. बुफेखेरीज जी छोटी उपाहारगृहे असतात त्यांचे टेबल अनेक ठिकाणी आधी राखून ठेवावे लागते.

मालदीवच्या दरापुढे दोन अधिक चिन्हे दिसली तर हिशेब थांबून करावा. त्यांचा अर्थ कर आणि सेवाशुल्क वेगळे. १० टक्के सेवाशुल्काशिवाय पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि रिसॉर्टवरचा हरित कर जानेवारी २०२५ पासून माणशी दर रात्री १२ डॉलर. दोन वर्षांखालील बाळांना हरित कर नाही; बाकी चौघांच्या कुटुंबाला पाच रात्रींचे एवढ्यासाठीच २४० डॉलर होतात. दूरच्या बेटांवर नेणारी समुद्रविमाने फक्त उजेडात उडतात. रात्री माले या राजधानीत उतरणाऱ्या कुटुंबाला म्हणून एक रात्र जवळपास काढावी लागते, आणि ज्या दिवसाचे पैसे भरले तो अर्धा प्रवासात जातो.

कुटुंबांना ही सुट्टी का आवडते याचे कारण केवळ पैशात नाही. ज्या बाईला वर्षभर ‘आज भाजी कोणती’ हा प्रश्न रोज दोनदा पडतो, तिच्यासाठी पाच दिवस तो प्रश्नच न उठणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या सुटकेला चैन म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. मूल तिसऱ्यांदा आइस्क्रीम मागायला गेले तरी बापाचा हात पाकिटाकडे जात नाही. आजी-आजोबा सावलीत, आई-वडील पाण्यात, मुले क्लबात असे सगळे एकाच आवारात सुटे सुटे राहू शकतात. मुलांच्या क्लबात साधारणपणे चार ते बारा वर्षांची मुले घेतात. त्याहून लहान मुलासोबत पालकाला थांबावे लागते किंवा दाईचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

शाकाहारी कुटुंबाने खाण्याची चौकशी आधीच करावी. मेक्सिकोत शिजवलेल्या काळ्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, आणि ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाविना असे सांगितलेल्या भातातही कोंबडीचे पाणी असू शकते. मक्याची तोर्तिया आणि अव्होकाडोची ग्वाकामोले मुलांना लगेच आवडतात. डोमिनिकन घरांतला रोजचा घेवडा-भात आपल्या राजमा-भाताचा सख्खा भाऊ वाटावा असा. कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले तोस्तोनेसही ओळखीचे लागतात. मालदीवची ‘रोशी’ चपातीसारखीच असते; तिच्याबरोबरची ‘मस हुनी’ मात्र ओले खोबरे, कांदा, मिरची आणि टूना मासा यांची. तेथील रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी पुष्कळ असल्याने वरण-भाताची विनंती सहसा वाया जात नाही.

पाण्याबाबत मात्र निर्धास्त राहू नये. आवार बंद आहे, भोवती शंभर माणसे आहेत, म्हणून मुलावर कोणाचे तरी लक्ष असेलच असे वाटते आणि नेमके तेव्हाच कोणाचेच नसते. बुडणारे लहान मूल बहुधा ओरडत नाही. पोहण्याच्या तलावाकाठी जीवरक्षक प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही, तेव्हा कोणत्या वेळी कोण पाहणार हे घरातल्या मोठ्यांनी नाव घेऊन ठरवावे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्याची, हे तेथे शिकलेले मूल परदेशातही तोच झेंडा शोधते.

या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप गावाच्या बाजूने येतो. पाहुणा जेवतो आत, पितो आत. किनाऱ्यावरचा खानावळवाला, रिक्षावाला, नारळवाला बाहेर उभा राहतो. पैसे पाहुण्याच्या देशातच विमान कंपनीला आणि सहल कंपनीला दिलेले असतात. पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या सरकारने १९९९ मध्ये याच कारणासाठी ऑल-इन्क्लुझिव्हवर बंदी घातली. परदेशी सहल कंपन्यांच्या दबावामुळे ती फार दिवस टिकली नाही. किनारा कोणाचा, हाही वाद आहे. मेक्सिकोत किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत आणि वाट अडवणाऱ्यावर दंडाची तरतूद २०२० मध्ये झाली. जमैकात मात्र १९५६ च्या किनारा कायद्याने लोकांना पोहायचा सरसकट हक्क दिलेला नाही, आणि आपल्याच समुद्रात उतरण्यासाठी तेथील कोळी व रहिवासी आजही भांडत आहेत. गोव्यात वाळूवरचे शॅक आणि गावातली खानावळ हीच सुट्टीची चव असल्याने ही पद्धत तेथे फारशी रुजली नाही. गोव्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. मालदीवमध्येही २००९ नंतर स्थानिक वस्तीच्या बेटांवर घरगुती गेस्टहाउसना परवानगी मिळाली. तेथे मद्य मिळत नाही, पण खर्च पुष्कळ कमी येतो आणि मुलांना शेजारच्या शाळेतली मुले भेटतात.

ऋतू पाहूनच आरक्षण करावे. कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडे असते, तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा वादळाने कानकुनची वाळूच ओढून नेली. समुद्रतळातून उपसा करून किनारा पुन्हा भरावा लागला. २०११ पासून सरगॅसम नावाच्या तरंगत्या तपकिरी शैवालाची भर पडली आहे. जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेला त्याचा पट्टा २ कोटी टनांहून अधिक भरला. वाळूवर साचून कुजले की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हणून वसंतापासून उन्हाळाभर, मुले बादल्या-फावडी घेऊन उतरण्याच्या कितीतरी आधी, अंधारातच रिसॉर्टचे कामगार दाताळी घेऊन किनाऱ्यावर येतात आणि रात्रीत आलेले शैवाल ओढून गाड्यांत भरतात; दुसऱ्या पहाटे लाटांनी ते पुन्हा आणून टाकलेले असते.