चिनी कादंबरी घेताना अनुवादकाचं नाव आधी वाचा

"चिनी लेखकांचं काहीतरी वाचायचंय, इंग्रजीतून चालेल, आधी कुठलं घेऊ?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर नेहमी येतो. गर्दीच्या वेळी घाईत उत्तर द्यावं लागतं आणि मग रुखरुख लागून राहते. म्हणून हे पत्रक.

लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक नाव असतं. मुखपृष्ठावर नसेल तर आतलं पान उलटून पाहा. एकाच कादंबरीचे दोन-तीन अनुवाद बाजारात असतात आणि त्यांत फरक केवढा असू शकतो, हे लाओ शे यांच्या कादंबरीवरून कळतं.

खेड्यातून बीजिंगला आलेला श्यांगझी रिक्षा ओढतो. ही माणसाने पळत ओढायची रिक्षा. स्वतःची रिक्षा घ्यायची, एवढंच त्याचं स्वप्न. तीन वर्षं पोटाला चिमटा काढून तो ती घेतो आणि सैनिक ती हिसकावून नेतात. १९३६-३७ मध्ये ही कादंबरी चीनमध्ये क्रमशः छापून आली. १९४५ मध्ये अमेरिकेत 'रिक्शा बॉय' या नावाने तिचा अनुवाद निघाला आणि हातोहात खपला. पण अनुवादक इव्हान किंग यांनी शेवटच बदलून टाकला होता! मूळ शेवट मन पोखरणारा आहे, तो त्यांनी गोड करून टाकला. लाओ शे यांना ते अजिबात रुचलं नाही. पुढे मुळाबरहुकूम अनुवाद झाले, त्यांतला हॉवर्ड गोल्डब्लॅट यांचा २०१० चा अनुवाद आम्ही मागवतो. जुन्या बाजारात १९४५ ची प्रत मिळाली तर जरूर घ्या, पण ती वाचून कादंबरी वाचली असं मानू नका. त्या प्रतीवर लेखकाचं नाव 'लाउ शॉ' असं छापलेलं आहे.

नावांच्या स्पेलिंगचा हा घोळ पुष्कळांना अडवतो. लू शुन यांचं नाव जुन्या पुस्तकांवर एच-एस-यू-एन असं दिसेल, नव्यांवर एक्स-यू-एन. माणूस एकच. शिवाय चिनी नावात आडनाव आधी येतं, त्यामुळे मो यान आमच्या कपाटात 'म'खाली सापडतील, 'य'खाली नाही. खरं तर ते टोपणनाव आहे, अर्थ 'बोलू नकोस'.

आधुनिक चिनी कथेची सुरुवात लू शुन यांच्यापासून मानतात. १९१८ मध्ये त्यांची 'वेड्याची रोजनिशी' छापून आली. आसपासची सगळी माणसं माणसं खातात, आता आपली पाळी आहे, अशी त्या वेड्याची खात्री पटलेली असते. या कथेची छोटी प्रस्तावना जुन्या ग्रांथिक चिनीत आहे आणि रोजनिशी बोलीभाषेत. आपल्याकडे एखाद्याने प्रस्तावना शास्त्रीबुवांच्या संस्कृतप्रचुर मराठीत लिहावी आणि गोष्ट घरातल्या बोलीत सांगावी, तसं. हा सांधा इंग्रजीत दाखवायचा कसा? विल्यम लायल यांनी १९९० मध्ये प्रस्तावनेसाठी मुद्दाम भारदस्त, जुन्या वळणाची इंग्रजी वापरली, शिवाय भरपूर टिपा दिल्या. ज्युलिया लव्हेल यांच्या २००९ च्या पेंग्विन आवृत्तीत लू शुन यांच्या सगळ्या कथा एकाच पुस्तकात मिळतात आणि भाषा सरळ वाहती आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला आम्ही लव्हेल देतो.

या दोघांच्या कितीतरी आधीचे अनुवाद यांग श्यानयी आणि ग्लॅडिस यांग या दांपत्याचे. ऑक्सफर्डमध्ये भेटलेली ही दोघं बीजिंगमध्ये आयुष्यभर अनुवाद करत राहिली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६, माओच्या राजवटीत लेखक-विचारवंतांचा छळ झाला तो काळ) दोघांनाही चार वर्षं तुरुंगात काढावी लागली. त्यांनी केलेलं पुस्तक जुन्या बाजारात कुठल्याही अवस्थेत मिळालं, तरी आम्ही उचलून आणतो.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर यू हुआ यांचं 'टू लिव्ह' घ्या, मायकेल बेरी यांचा २००३ चा अनुवाद. जुगारात घरची सगळी जमीन घालवलेला फूग्वे म्हातारपणी बैलाच्या सोबतीने शेत नांगरता नांगरता आपली कथा सांगतो. पुस्तक लहान आहे आणि वाक्यं साधी, इंग्रजी वाचनाची फार सवय नसली तरी अडत नाही. यू हुआ लेखक होण्याआधी दात काढायचं काम करत होते. त्यांचंच 'क्रॉनिकल ऑफ अ ब्लड मर्चंट' हे रक्त विकून घर चालवणाऱ्या कामगाराचं. अनुवाद अँड्र्यू जोन्स यांचा. दुष्काळात घरात पातळ पेजेशिवाय काही नसताना हा बाप प्रत्येकाच्या आवडीचा पदार्थ नुसत्या शब्दांनी शिजवून वाढतो. तो प्रसंग वाचून डोळे कोरडे राहत नाहीत.

मो यान यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं 'रेड सॉर्घम' उघडताना एवढं ध्यानात ठेवा, की सॉर्घम म्हणजे आपली ज्वारी. डोक्यावर गेलेल्या जोंधळ्यात माणूस कसा दिसेनासा होतो हे ज्याने पाहिलंय, त्याला ती रानं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. फक्त तिकडे त्या ज्वारीची दारू गाळतात.

विज्ञानकथा हवी असेल तर लिऊ त्सिशिन यांचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', अनुवादक केन लिऊ. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्ये ढकलली होती. इंग्रजीत ती लेखकाच्या मूळ इच्छेप्रमाणे सुरुवातीला आली. आणि आयलीन चँग यांचं 'लव्ह इन अ फॉलन सिटी' घेतलंत, तर त्यातली 'द गोल्डन कँग' ही कथा लेखिकेने स्वतःच इंग्रजीत आणली आहे. बाकीच्या कथांचा अनुवाद कॅरन किंग्जबरी यांचा.

पुस्तक मागवायचं असेल तर चिठ्ठीवर लेखकाबरोबर अनुवादकाचंही नाव लिहा, नाहीतर पुरवठादार हाताशी असेल ती आवृत्ती पाठवतो. लायल आणि लव्हेल या दोन्ही प्रती काउंटरशेजारच्या स्टुलावर ठेवल्या आहेत. 'वेड्याची रोजनिशी'चं पहिलं पान दोन्हींतून वाचून पाहा, मगच ठरवा.