सूक्ष्मजीवशास्त्रातील आंतरविद्याशाखीय पीएच.डी.: अमेरिकी विद्यापीठांची अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत सूक्ष्मजीवशास्त्राची पीएच.डी. एकाच विभागाकडे न सोपवता आंतरविद्याशाखीय कार्यक्रम म्हणून चालवली जाते. जीवाणू आणि विषाणूंवर काम करणारे संशोधक वैद्यकीय महाविद्यालयात असतात, तसेच मृदाशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, अन्नविज्ञान आणि रासायनिक अभियांत्रिकी या विभागांतही असतात. त्यांच्यापैकी कोणाचीही प्रयोगशाळा निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला मिळावी, हा या रचनेचा हेतू आहे. त्यामुळे प्रवेश सहसा कार्यक्रमात मिळतो, विशिष्ट मार्गदर्शकाकडे नव्हे. पहिल्या वर्षी विद्यार्थी साधारणपणे तीन प्रयोगशाळांत प्रत्येकी काही आठवडे काम करून पाहतो (याला रोटेशन म्हणतात) आणि मगच मार्गदर्शक ठरतो. प्राध्यापकांना सरसकट ईमेल पाठवण्याचा खटाटोप म्हणूनच येथे फारसा उपयोगी पडत नाही. मात्र ज्यांचा उल्लेख अर्जात करायचा आहे, ते येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहेत का, एवढे विचारून घ्यावे.

पात्रतेसाठी पदवी आवश्यक असते, परंतु ती सूक्ष्मजीवशास्त्राचीच असावी असा आग्रह सहसा नसतो. जैवरसायनशास्त्र, अनुवंशशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा पाया असलेला अभियांत्रिकीचा किंवा संगणकशास्त्राचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. किमान सरासरी गुणांची अट बहुधा ४ पैकी ३ अशी असते. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे पुरेशी मानतात, तर काही मानत नाहीत. ही बाब अर्जशुल्क भरण्यापूर्वीच तपासावी, कारण ते शुल्क परत मिळत नाही. प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष अनुभव नियमावलीत कधी सक्तीचा नसला, तरी निवडीत त्याचे वजन गुणपत्रिकेपेक्षा कमी नसते.

अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये संपते. सुरुवातीला गुणपत्रिकांच्या स्कॅन प्रती चालतात आणि विद्यापीठाकडून थेट येणाऱ्या अधिकृत प्रती प्रवेश मिळाल्यानंतर मागवल्या जातात. गुणपत्रिकेच्या मागील बाजूस श्रेणींचा तक्ता छापलेला असल्यास ते पानही स्कॅन करावे. टक्केवारीचे रूपांतर, तसे स्पष्टपणे सांगितले नसेल तर, स्वतः करू नये. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण लागतात आणि ते दोनच वर्षे ग्राह्य असल्याने परीक्षेची तारीख हिशेबाने निवडावी लागते. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामान्य परीक्षेची अट जीवविज्ञानाच्या बऱ्याच कार्यक्रमांनी काढून टाकली आहे. जेथे हे गुण स्वीकारलेच जात नाहीत, तेथे ते पाठवण्यात अर्थ नाही.

सर्वाधिक वेळ उद्देशपत्राला, म्हणजे आपले काम आणि संशोधनाचा हेतू सांगणाऱ्या निवेदनाला, द्यावा. ते वाचणाऱ्या समितीत वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक असतात आणि ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ या वाक्याने त्यांच्यापैकी कोणाचेही समाधान होत नाही. समजा, अर्जदाराने मातीच्या नमुन्यांतून प्रतिजैविक निर्माण करणारे जीवाणू वेगळे केले आहेत. अशा वेळी जीवाणू वाढवण्यासाठी कोणते माध्यम वापरले, बुरशीचा संसर्ग कसा आवरला, अपेक्षित निकाल न आल्यावर पुढचा प्रयोग कोणता आखला आणि त्यातून उरलेला प्रश्न सोडवण्यासाठी रसायनशास्त्राची किंवा संगणकीय विश्लेषणाची गरज का भासते, हे लिहावे. आंतरविद्याशाखीय कार्यक्रमच का, याचे उत्तर त्यातूनच मिळते. त्यानंतर दोन-तीन प्राध्यापकांची नावे, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतील, कारणासह द्यावीत.

शिफारसपत्रे सहसा तीन लागतात. विभागप्रमुखांच्या गुळगुळीत पत्रापेक्षा, ज्यांनी आपले काम रोज पाहिले त्या मार्गदर्शकांचे पत्र अधिक मोलाचे ठरते. हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. हक्क सोडल्यास पत्र मोकळेपणाने लिहिले गेले आहे असे समिती मानते, म्हणून बहुतेक अर्जदार तो सोडतात.

निवडक अर्जदारांच्या मुलाखती साधारणपणे जानेवारी ते मार्चदरम्यान होतात. अशा बहुतेक पीएच.डी. कार्यक्रमांत शिक्षणशुल्क माफ होऊन विद्यावेतन मिळते. मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) प्रशिक्षण अनुदानातील जागा अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांपुरत्याच असल्याने परदेशी विद्यार्थ्याने आपला निधी कोठून येणार, हे मुलाखतीतच विचारावे. अमेरिकी विद्यापीठांत प्रचलित ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. होकार कळवल्यावर पासपोर्टची प्रत आणि निधीचा पुरावा सादर करावा लागतो. प्रस्तावपत्रातील विद्यावेतनाचा उल्लेख सहसा पुरावा म्हणून चालतो. त्यावरून विद्यापीठ आय-२० हे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देते, त्यानंतर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी प्रणाली) शुल्क भरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत ठरवता येते.